पेय आणि प्रहर : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

दिवसभरात आपण काय पितो आणि त्यामुळे आपली दिनचर्या कशी घडते, या विषयावर प्रश्न पाठवण्याचे आवाहन आम्ही मागील अंकात केले होते. आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांत ‘अमुक पेय चांगले की वाईट’ एवढेच विचारले आहे. माझा आग्रह असा आहे, की हा निवाडा करण्याआधी ते पेय कोणत्या वेळी, कशासोबत आणि कशाच्या ऐवजी घेतले जाते ते पाहावे. कारण सकाळी सातला उपकारक ठरणारा चहा रात्री नऊला अपाय करू शकतो. निवडक पाच पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : मी रेल्वेत इंजिनचालक होतो. रात्रपाळीत चहावर जागण्याची सवय लागली, ती निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. सकाळी दोन कप, दुपारी चारला एक, संध्याकाळी फिरून आल्यावर एक आणि रात्री नऊच्या सुमारास बातम्या पाहताना शेवटचा, असे पाच कप होतात. अकराला झोप लागते, पण दोन-अडीचला जाग येते ती पहाटेपर्यंत. डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली आहे, पण तिची सवय लागेल अशी भीती वाटते. चहा सोडावा का?
— एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ

उत्तर : चहा सोडण्याची गरज नाही, पण शेवटच्या दोन कपांबाबत मात्र काही निर्णय घ्यावा लागेल. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांनुसार, १५० मिलिलिटर चहात साधारण ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असते आणि दिवसाकाठी ३०० मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडू नये असे त्यांत म्हटले आहे. आपले पाच कप नेहमीच्या लहान कपांचे असतील, तर एकूण प्रमाणाच्या दृष्टीने आपण फार पुढे गेलेला नाही. अडचण वेळेची आहे.

निरोगी प्रौढाच्या शरीरातून निम्मे कॅफीन बाहेर पडायला सरासरी पाच तास लागतात, काहींना तीनच तास पुरतात तर काहींना सात लागतात. म्हणजे रात्री नऊच्या कपातले निम्मे कॅफीन, आपल्याला जाग येते त्या दोनच्या सुमारास, अजून रक्तात असते आणि संध्याकाळच्या कपाचा उरलेला अंश त्यात मिसळलेला असतो. आपण जागे असतो तेव्हा मेंदूत अॅडिनोसीन नावाचे द्रव्य साचत जाते आणि त्याच्यामुळेच झोपेची ओढ वाढते. कॅफीन त्याला घालवून देत नाही. दुसऱ्याच्या खुर्चीवर आधीच कुणी बसून राहावे, तसे ते अॅडिनोसीनची जागा अडवते. दिवसभराचा थकवा मोठा असल्यामुळे अकराला झोप लागते, परंतु पहिले गाढ चक्र संपले की थकव्याचा तो जोर ओसरतो आणि उतारवयात मुळातच हलकी झालेली झोप चाळवते. त्यातच रात्री उशिरा घेतलेल्या पेयामुळे लघवीला उठावे लागते. दुसऱ्या दिवशी अंग जड वाटते, म्हणून पुन्हा दुपारी आणि संध्याकाळी चहा घ्यावासा वाटतो, आणि हे चक्र वर्षानुवर्षे चालू राहते.

आपली ही सवय नोकरीतून आली, याचे मला मुळीच आश्चर्य वाटत नाही. आज चहा पिढीजात वाटत असला, तरी सामान्य घरांत तो पोहोचून जेमतेम शंभर वर्षे झाली आहेत, आणि त्याच्या प्रसारात कामाच्या ठिकाणांचा वाटा फार मोठा आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात चहा-व्यवसायाच्या संघटनेने कारखान्यांत, कोळशाच्या खाणींत आणि कापडगिरण्यांत चहाचे ठेले उभे करवले, कामगारांना चहासाठी सुट्टी द्यावी म्हणून मालकांचे मन वळवले आणि रेल्वे स्थानकांवरही चहा विकला जाईल अशी व्यवस्था केली. पुढे आसामात १९३० च्या सुमारास निघालेल्या, पाने चिरडून-फाडून त्यांचे दाणे वळवणाऱ्या सीटीसी यंत्रामुळे थोड्या पत्तीत कडक उतरणारा, दूध-साखर पेलणारा दाणेदार चहा स्वस्तात मिळू लागला. पाळीच्या कामात माणूस जागा राहावा यासाठी जे पेय उपयोगी पडले, ते पाळी संपल्यावरही त्याच वेळा मागत राहते. आपली पाळी संपली आहे. तेव्हा वेळापत्रक बदलण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

आधी रात्री नऊचा कप थांबवावा आणि आठवडाभराने संध्याकाळचा कप हळूहळू मागे सरकवत दुपारच्या कपात मिळवावा. मात्र रात्री बातम्या पाहताना घरचे सगळे एकत्र बसत असतील, तर ते बसणे मोडू नये. चहापत्ती न घालता उकळलेला गवती चहा किंवा थोडे कोमट दूध अर्धा कप घेता येईल, अर्ध्या कपापेक्षा जास्त नको. तीन आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा आपण मोठ्याने घोरता आणि झोपेत श्वास अडखळतो असे घरच्यांनी सांगितले, तर डॉक्टरांना ते स्पष्ट सांगावे, कारण त्याचे निदान आणि उपचार वेगळे आहेत. झोपेची गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. वय ३८, हिमोग्लोबिन ९.४. काही महिने लोहाची गोळी घेत आहे, तरी फारसा फरक नाही. सकाळी घरातली कामे आटोपून चहा-चपाती खाते आणि विसरू नये म्हणून गोळीही त्याच वेळी घेते. दुपारी डबा खाल्ला की शाळेत सगळ्यांसोबत लगेच चहा होतो. पाणी मात्र दिवसभरात फारसे पिणे होत नाही. माझे काय चुकते आहे?
— एक शिक्षिका, सोलापूर जिल्हा

उत्तर : आपल्या पत्रातच उत्तराचा मोठा भाग आहे. चहातील पॉलिफेनॉल वर्गाची द्रव्ये आतड्यात लोहाला धरून ठेवतात आणि ते रक्तात शिरू देत नाहीत. मांसाहारातील लोहावर हा परिणाम कमी होतो. परंतु गहू, बाजरी, डाळी आणि पालेभाज्या यांतून मिळणाऱ्या लोहाचे शोषण चहा सोबत घेतल्यास निम्म्याहूनही कमी होऊ शकते, आणि गोळीतील लोहालाही त्यातून सूट नाही. आपण सकाळी गोळी, चपाती आणि चहा एकत्र घेता, दुपारी डब्यावर पुन्हा चहा घेता. म्हणजे लोह पोटात जाण्याच्या दोन्ही मुख्य वेळी त्याची वाट अडवली जाते. वर उल्लेखिलेल्या सूचनांतही जेवणाच्या आधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळावी असे म्हटले आहे, त्याचे हेच कारण आहे.

ही आपल्या एकटीची गोष्ट नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. चहा हे त्यामागचे एकमेव कारण नव्हे, पण चहा-चपाती ही न्याहारी बहुतांश घरांत कुणाच्या वाट्याला येते, याकडे मला लक्ष वेधायचे आहे. सगळ्यांचे डबे भरून झाल्यावर, घड्याळाकडे पाहत, उभ्याउभ्या चपातीचा तुकडा चहात बुडवून खाणारी व्यक्ती बहुधा घरातली स्त्री असते. भाजी, उसळ, लिंबाची फोड हे सारे डब्यांत गेलेले असते. म्हणून आपल्याला केवळ ‘चहा कमी करा’ असे सांगणे मला अन्यायाचे वाटते. आपल्या सकाळीत आपल्या न्याहारीसाठी पंधरा मिनिटे निघाली पाहिजेत, आणि ती घरातल्या इतरांनी काढून दिली पाहिजेत.

उठल्याबरोबर, स्वयंपाकाला लागण्यापूर्वी नुसता चहा घ्यावा. चपाती त्यानंतर तासाभराने भाजी किंवा उसळीसोबत खावी; घरी जमत नसेल तर शाळेत पोहोचल्यावर खावी. तिच्यावर लिंबू पिळावे किंवा सोबत आवळा, पेरू यांपैकी काही घ्यावे, कारण क जीवनसत्त्व लोहाच्या शोषणाला मदत करते. गोळी रात्रीच्या जेवणानंतर दोन तासांनी, झोपण्यापूर्वी पाण्यासोबत घ्यावी, आणि त्या वेळी दूधही घेऊ नये. दुपारचा चहा डब्यानंतर लगेच न घेता शाळा सुटताना घ्यावा. सहकाऱ्यांना कारण सांगितले, तर त्यांच्यापैकी काहींनाही त्याची गरज असल्याचे कळेल. हे सर्व करूनही दोन महिन्यांत हिमोग्लोबिन वाढले नाही, किंवा पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल, तर फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा), ब-१२ जीवनसत्त्व आणि इतर तपासण्या करून घ्याव्यात. रक्तक्षयाची कारणे अनेक असतात आणि सगळ्यांवर लोह हा उपाय नसतो.

आता पाण्याविषयी. आपण पाणी का पीत नाही ते लिहिलेले नाही, पण शिक्षिका, एसटीतील महिला वाहक, बंदोबस्तावरील महिला पोलीस आणि ऊसतोड करणाऱ्या स्त्रिया यांच्याकडून मी जे ऐकले आहे, त्यावरून कारण तहान नसणे हे नसावे. शौचालय नाही, असले तर पाणी नाही, किंवा कडी लागत नाही, म्हणून सकाळपासून तहान मारली जाते. मूत्रमार्गाचा संसर्ग, बद्धकोष्ठता आणि डोकेदुखी त्यातून वाढतात. लोहाच्या गोळीने बद्धकोष्ठता आधीच होत असेल, तर त्रास दुप्पट होतो आणि स्त्रिया गोळीच सोडून देतात. केरळमधील शाळांत २०१९ साली पाणी पिण्याची आठवण करून देणारी वेगळी घंटा सुरू झाली. ती कल्पना चांगली आहे, पण घंटेआधी शौचालयाचे दार नीट लागले पाहिजे. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्रत्येक शाळेत पिण्याचे सुरक्षित पाणी आणि मुलगे व मुलींसाठी स्वतंत्र शौचालये असणे बंधनकारक आहे. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढील बैठकीत हा विषय लेखी मांडावा. त्यात आपल्याबरोबर आपल्या विद्यार्थिनींचेही हित आहे.

प्रश्न : एकादशीला मी चहाही वर्ज्य करते. पण संध्याकाळपर्यंत डोके असह्य दुखते. उपवास सोसत नाही असे समजावे का?
— एक वाचक, पंढरपूर

उत्तर : उपवासापेक्षा चहाचा अभावच इथे अधिक संभवतो. रोज कॅफीन घेणाऱ्याने ते अचानक थांबवले, की शेवटच्या कपानंतर साधारण १२ ते २४ तासांत डोके दुखू लागते, मरगळ येते आणि चिडचिड होते. एक दिवस चहा टाळून दुसऱ्या दिवशी पुन्हा नेहमीइतका घेतल्याने शरीराला दर पंधरवड्याला तोच त्रास सोसावा लागतो. एकादशीच्या आधीचे चार-पाच दिवस रोजचे प्रमाण थोडेथोडे उतरवत न्यावे, उपवासाच्या दिवशी पाणी पुरेसे प्यावे आणि उपाशीपोटी वेदनाशामक गोळी घेणे टाळावे. मधुमेह असेल, तर उपवासाविषयी आधी डॉक्टरांशी बोलावे.

प्रश्न : आम्ही दोघे चाळिशीतले आहोत. रेड वाइन हृदयाला चांगली असते असे वाचून रात्रीच्या जेवणासोबत एकेक ग्लास घेऊ लागलो. झोपही लवकर लागते. परिसरात वाइननिर्मिती असल्याने ती सहज आणि चांगली मिळते. हा दिनक्रम चालू ठेवावा का?
— एक दांपत्य, नाशिक

उत्तर : हृदयासाठी म्हणून घेत असाल, तर थांबवावा. वाइन हृदयाला हितकर असते हा समज १९९१-९२ च्या सुमारास जगभर पसरला. फ्रान्समधील लोक लोणी-चीज भरपूर खाऊनही त्यांच्यात हृदयविकार तुलनेने कमी दिसतो, याचे श्रेय रेड वाइनला दिले गेले. नंतरच्या काळात या प्रकारच्या निरीक्षणांतील मोठी त्रुटी लक्षात आली : न पिणाऱ्यांच्या गटात, आजारपणामुळे दारू सोडलेल्या लोकांचीही गणना होत होती, त्यामुळे थोडी पिणारे आपोआप अधिक निरोगी दिसत होते. शिवाय जेवणासोबत माफक वाइन घेणाऱ्यांचे उत्पन्न, आहार आणि वैद्यकीय सोयी अनेकदा बऱ्या असतात. रेड वाइनमधील, द्राक्षांच्या सालीतून येणाऱ्या ज्या रेझव्हेराट्रॉल या द्रव्याचे गुणगान होते, ते तिच्यात इतके अल्प असते, की प्रयोगांतील मात्रा गाठण्याइतकी वाइन कुणी पिऊच शकणार नाही. दुसरीकडे, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला १९८८ मध्येच निश्चित कर्करोगकारकांच्या गटात घातले असून, मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही असे संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले. स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचा धोका अल्प प्रमाणातील नियमित मद्यपानानेही वाढतो. आपल्यापैकी कुणाच्या कुटुंबात हा आजार असेल, तर हे विशेष लक्षात घ्यावे.

झोपेबाबतचा आपला अनुभव खरा आहे, पण अर्धाच आहे. १३ टक्के मद्यार्काच्या वाइनचा १५० मिलिलिटरचा ग्लास म्हणजे सुमारे १५ ग्रॅम अल्कोहोल, आणि यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम निपटते. सुरुवातीच्या गुंगीने डोळा लवकर लागतो, पण अल्कोहोल उतरू लागले की रात्रीच्या उत्तरार्धातली झोप तुटक होते आणि स्वप्ने पडतात त्या टप्प्याच्या झोपेत व्यत्यय येतो. सकाळी ताजेतवाने वाटत नाही. मग चहा वाढतो, तो संध्याकाळपर्यंत लांबतो आणि रात्री मन शांत करण्यासाठी पुन्हा वाइन हवीशी वाटते. चाळिशीतल्या नोकरदार दांपत्यांत हे चहा-वाइनचे परस्परावलंबन वाढताना मला दिसते, आणि त्याची मला काळजी वाटते.

ज्या फ्रान्सचा दाखला दिला जातो, तिथेही हा दिनक्रम पूर्वीसारखा राहिलेला नाही. १९५६ पर्यंत तिथल्या शाळांतील उपाहारगृहांत लहान मुलांनाही जेवणासोबत वाइन मिळू शकत होती. त्या वर्षी चौदा वर्षांखालील मुलांसाठी ती बंद झाली. १९६० च्या दशकात दरडोई वर्षाला शंभर लिटरहून अधिक असलेला वाइनचा खप आज निम्म्याहूनही खाली आला आहे. दुपारी घरी येऊन सावकाश जेवण्याची रीत मोडली, कामाचे स्वरूप बदलले, आणि जेवणासोबतची रोजची वाइन अनेकांसाठी प्रसंगापुरती उरली.

नाशिकच्या द्राक्षबागांविषयी आपल्याला वाटणारा जिव्हाळा मी समजू शकते. द्राक्षप्रक्रियेला चालना देणारे राज्याचे धोरण २००१ मध्ये आले, त्यातून अनेक शेतकऱ्यांना दुसरा पर्याय मिळाला, आणि २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकू देण्याच्या निर्णयावरून झालेला वादही आपल्याला आठवत असेल. परंतु शेतकऱ्याचे हित आणि आपल्या यकृताचे हित हे वेगवेगळे प्रश्न आहेत. वाइन घ्यायचीच असेल, तर ती रोजच्या जेवणातून काढून क्वचितच्या प्रसंगापुरती ठेवावी, ग्लास मापून भरावा आणि झोप लागण्यासाठी कधीही घेऊ नये. मधुमेहाची, रक्तदाबाची किंवा झोपेची औषधे चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक घोटही नको.

प्रश्न : माझे पती रोज रात्री आठला दोन पेग घेतात. कधी आरडाओरडा नाही, नोकरीत खाडा नाही. पण जेवण दहाच्या पुढे जाते, आठनंतर कुणाकडे जाणे-येणे होत नाही, आणि मुलीची दहावी असताना बाबांशी बोलायचे ते आठच्या आत, असे तिने ठरवून टाकले आहे. ‘मी झिंगत नाही, मग व्यसन कसले?’ असे ते विचारतात. त्यांना काय सांगू?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आपण लिहिलेला मुलीचा निर्णय त्यांना शांतपणे, सकाळच्या वेळी सांगावा. झिंगण्यावरून व्यसन ओळखता येत नाही. घरातल्या सर्वांचे वेळापत्रक एका पेयाभोवती ठरू लागले आहे आणि ते एक दिवस चुकले तर बेचैनी येते का, हे पाहावे लागते. साठ मिलिलिटरचे दोन पेग व्हिस्की म्हणजे सुमारे ४० ग्रॅम अल्कोहोल. ते शरीरातून जायला चार ते सहा तास लागतात, म्हणजे मध्यरात्र उलटून जाते. हे रोज होत असेल, तर यकृत, रक्तदाब आणि झोप यांवर परिणाम होतोच, मग वागणे कितीही सभ्य असो.

त्यांनी अचानक दारू बंद करावी असा आग्रह मात्र धरू नका. रोज पिणाऱ्या माणसाने एकदम थांबवल्यास काही तासांत हात थरथरणे, घाम, धडधड सुरू होऊ शकते, आणि प्रमाण आपल्याला माहीत आहे त्याहून अधिक असेल, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येण्याचा किंवा भ्रम होण्याचा धोका असतो. म्हणून आधी डॉक्टरांची भेट घेऊन यकृताची तपासणी करावी आणि कमी करण्याची पद्धत त्यांच्याकडून ठरवून घ्यावी. ते तयार नसतील, तर आपण एकटीने जाऊन सल्ला घेण्यात काहीही कमीपणा नाही. पुण्यातील मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हे काम करत आहे आणि तिथे व्यसनी व्यक्तीइतकाच तिच्या पत्नीचा व कुटुंबीयांचा विचार केला जातो. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची निःशुल्क दूरध्वनी सेवा १४४४६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. दरम्यान, मुलीचे आणि आपले जेवण साडेआठला वाढून घ्यावे. त्यांच्यासाठी ते अडवून ठेवू नये.